हाताविना फिरणारं चाक

विपावा,
९ फेब्रुवारी १९९४

प्रिय तिली मावशी,

हे पत्र वाचून झालं की फाडून समुद्रात टाक, आणि आईला लिहिताना यातला एक शब्दही येऊ देऊ नकोस. टीव्हीचा कारखाना ऑक्टोबरातच बंद पडला. आईला वाटतं मी अजून तिथंच जाते. मी रोज सकाळी तीच बस पकडते, डबा घेते, आणि अलीकडेच उतरते.

उतरते ती बोगदानच्या कोंबड्यांच्या शेडपाशी. बोगदान म्हणजे गावोगावची द्राक्षं पिळायची यंत्रं दुरुस्त करतो तो, मिशीवाला. तुला आठवेल, माझ्या पहिल्या नाचाला त्यानं माझा पाय तुडवला होता. कोंबड्या आता नाहीत, पण त्यांचा वास आहे. त्या वासात बसून आम्ही रुलेटचं चाक बनवतोय. चाक फिरवायला माणूस लागणार नाही असं.

गेल्या वर्षी बोगदान इटलीत एका कसिनोची खिडकी दुरुस्त करायला गेला होता. तिथं एका टेबलाभोवती माणसांची दाटी, आणि बाकीची टेबलं कापड घालून झाकलेली, कारण ती चालवायला क्रुपिए, म्हणजे चाक फिरवून गोटी सोडणारी माणसं, नाहीतच. त्यानं तिथंच ठरवलं. चाक मोटरनं फिरेल, गोटी दाबलेल्या हवेच्या फुंकरीनं पळेल, ती कुठल्या खणात पडली ते प्रकाशाचा डोळा वाचेल, आणि भोवती बसलेल्या प्रत्येकापुढं स्वतःचा पडदा आणि बटणं असतील. पडदे मला जमतात. आठ वर्षं दुसरं काय केलं मी?

आता जे विचारायला दहा दिवस धीर गोळा करतेय ते विचारते. तू तिथं जहाजावरच्या कसिनोत गोटी सोडतेस ती कशी? आम्ही दोघांनी उभ्या जन्मात कधी रुलेट खेळलेलं नाही.

रागावू नकोस.

तुझी,
दार्या


क्रीटच्या वाटेवर,
२ मार्च

दार्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. मावशीच्या पोटावर पाय द्यायचा, आणि तो नेमका कुठं द्यावा हेही मावशीलाच विचारायचं. तुझ्या आईचीच मुलगी तू.

तर ऐक. गोटी मधल्या बोटानं कडेच्या पन्हळीत दाबून धरायची आणि चुटकी वाजवल्यासारखी सोडायची. ढकलायची नाही. नवशिकी पोरं ढकलतात, मग गोटी लंगडत चालते आणि गिऱ्हाईक कुजबुजायला लागतं. चाक एका दिशेला, गोटी उलट्या दिशेला. आणि सोडताना गोटीकडे बघायचंच नाही, माणसांकडे बघायचं. गोटी आपलं काम जाणते, माणसांना सांभाळावं लागतं.

परवा एका जर्मन बाईनं सगळ्या टेबलादेखत मला विचारलं, ‘तुम्ही कधी थकत नाही का?’ मी म्हटलं, ‘बाई, थकायला मला पगार देत नाहीत.’ माझी टेबलावरची जागा अजून कोणी घेतलेली नाही, आणि तुमच्या त्या खुराड्यातून निघालेलं यंत्र तर नाहीच घेणार. तरीही पुढं काय होतं ते कळव. मला उत्सुकता आहे, आणि ती लपवण्याइतकी मी तरुण राहिलेली नाही.

अक्षराला नावं ठेवू नकोस. लाटा मोठ्या आहेत, जहाज हलतंय.

तिली मावशी


विपावा,
१७ एप्रिल

प्रिय मावशी,

तू शिकवलेली चुटकी मी बोगदानला करून दाखवली, बोगदाननं ती टायरच्या दुकानातून आणलेल्या हवेच्या पंपाला शिकवली, आणि गोटी चाकातून उडून थेट सिल्काच्या योताच्या, म्हणजे घेवड्याच्या आमटीच्या, पातेल्यात पडली. सिल्का म्हणजे बोगदानची बायको. ती आमच्यासाठी रोज काहीतरी शिजवून आणते, आणि इतके दिवस आम्हाला काहीही बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. घेवड्याचे दाणे आणि रुलेटची गोटी सारख्याच आकाराचे असतात हे आम्हाला चमच्या-चमच्यानं शोधत कळलं.

मग वर काचेचा घुमट बसवला. मग हवेचा दाब उतरवला. गोटी खणात पडली की चाक मंद होतं, खालून एक फुंकर बसते, गोटी उचलली जाऊन पन्हळीत येते, आणि दुसरी फुंकर तिला पळवते. ज्या दिवशी हे पहिल्यांदा नीट झालं त्या दिवशी बोगदाननं मिशीवरून हात फिरवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी गेले तर म्हणाला, ‘डोळ्यांत भुसा गेलाय.’ शेडमध्ये भुसा कधीचाच नाही.

पण मावशी, आता खरी अडचण ऐक. आम्ही घेवड्याचे दाणे लावून खेळतो. सिल्का कोपऱ्यात स्वेटर विणत बसते, मधूनच मान वर करते आणि म्हणते, ‘आता सात येईल, नाहीतर त्याच्या शेजारचा.’ आणि येतो. गेल्या आठवड्यात तिनं आमचे सगळे दाणे जिंकले आणि त्याचंच सूप केलं. बोगदान म्हणतो, तिला दृष्टी आहे. सिल्का म्हणते, ‘दृष्टी कसली डोंबलाची? ते रोज तेच करतं, मी बघते.’

विणता विणता एका बाईला जे दिसतं ते गिऱ्हाइकांना दिसणार नाही का? आणि सप्टेंबरात पोर्तोरोझच्या एका हॉटेलात आम्हाला यंत्र महिनाभर ठेवून दाखवायचंय. बोगदाननं शेड गहाण टाकलीय. नाही जमलं तर कोंबड्यांनाही परत यायला जागा नाही.

तुझी,
दार्या


रोडस बंदर,
८ मे

लाडके,

त्या सिल्काला माझा नमस्कार सांग. तीस वर्षांपूर्वी ती मला भेटली असती तर दोघींनी मिळून युरोपभर नाव काढलं असतं.

आज निवांत आहे. जहाज सकाळपासून धक्क्याला बांधलेलं आहे, प्रवासी उन्हात भाजून घ्यायला गेलेत, आणि पाणी ताटात ओतून ठेवल्यासारखं शांत आहे. थानासिस आचाऱ्यानं मला कॉफी दिली आणि आपल्या तिसऱ्या लग्नाची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी ती नवरी जरा जास्तच सुंदर होती.

तुमचं यंत्र बिघडलेलं नाही, दार्या. ते फार शिस्तीचं आहे. मला पहिल्या वर्षी हेच झालं होतं. ग्राझचा एक दातांचा डॉक्टर रोज यायचा, खेळायचा नाही, नुसता माझ्या हाताकडे बघत राहायचा. मग एके दिवशी खेळायला लागला आणि जिंकतच सुटला. मला टेबलावरून उठवलं. आमचा म्हातारा मुख्य क्रुपिए मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘पोरी, तुझा हात घड्याळ झालाय. घड्याळ कोणालाही वाचता येतं.’ तेव्हापासून मी चाकाला कधी एकच वेग दिला नाही आणि गोटीला कधी एकच धक्का दिला नाही. कधी जरा जोरात, कधी आळसावल्यासारखं. आणि पुढचं कसं असेल ते मी आधी ठरवत नाही, कारण माणूस ठरवायला लागला की त्याची पुन्हा सवय होते. तुमच्या यंत्राला न ठरवता वागायला शिकवता येतं का बघ.

आणखी एक. तुझ्या आईचं पत्र आलंय. कारखान्यात तुला बढती मिळाली म्हणते. हे कुठून आलं? मी तिला ‘आनंद झाला’ एवढंच लिहिलंय. खोटं बोलले नाही, पण यापुढं माझ्याच्यानं होणार नाही. लवकर सांगून टाक तिला.

अक्षर सांभाळून घे, जहाज हलतंय.

तिली मावशी


विपावा,
१९ जून

प्रिय मावशी,

जमलं. न ठरवता वागणारी एक गोष्ट आमच्या शेडमध्ये पहिल्यापासून होती, बोगदानचा रेडिओ. दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवला की जी खरखर येते ना, तिला काही नेम नसतो. ती खरखर मी तारेनं उचलली, तिचे आकडे केले आणि ते चाकाला दिले. आता दर डावाला चाक किती वेगानं फिरायचं आणि फुंकर किती वेळ मारायची हे ती खरखर ठरवते. सिल्का आठवडाभर विणत बसली, एकही आकडा लागला नाही. शेवटी सुया खाली ठेवून म्हणाली, ‘हं, आता याला अक्कल आली.’ आम्ही दोघं तिच्या पाया पडायचे बाकी होतो.

आईला सांगून टाक म्हणालीस, तर ते माझ्या हातून झालंच नाही. बढतीचं मीच बोलले होते, घरी उशीर का होतो याला काहीतरी सांगायला हवं म्हणून. तर गेल्या मंगळवारी मी डबा विसरले, आई तो घेऊन कारखान्यावर गेली, आणि फाटकाला कुलूप. मग आख्ख्या विपावात विचारत विचारत शेडमध्ये आली. मला वाटलं आता डबा डोक्यात बसणार. ती सगळीकडे बघून घेऊन म्हणाली, ‘एवढ्या वासात माझी मुलगी डबा खाते?’ मग खुर्ची ओढून बसली, काळ्यावर दाणे लावले आणि जिंकली. आता ती रोज येते. खिडक्या तिनं धुतल्या, पडदे लावले. बोगदान तिला घाबरतो.

आता तुला विचारायचं राहिलंय ते. तू लिहिलंस की जहाज धक्क्याला बांधलंय, पाणी ताटातल्यासारखं शांत आहे. आणि खाली लिहिलंस की जहाज हलतंय म्हणून अक्षर असं. मावशी, हाताला काय झालंय?

सप्टेंबरात पोर्तोरोझला ये ना. तुझ्याशिवाय ते यंत्र मी कोणाला दाखवू?

तुझी,
दार्या


कॉर्फू,
१४ जुलै

दार्या,

मी पत्र लिहिते ते बातमी कळावी म्हणून, कोणी भिंग लावून तपासावं म्हणून नाही. माझा हात उत्तम आहे. सप्टेंबरात हंगाम जोरात असतो, मला सुट्टी नाही. आईची काळजी घे.

तिली


पोर्तोरोझ,
११ सप्टेंबर

प्रिय मावशी,

दोन महिने तुझं पत्र नाही. मी तीन लिहिली आणि फाडली, हे चौथं.

आम्ही यंत्र इथं आणलं. बोगदाननं पालखी वाहावी तसं ते चढावरून वाहिलं. हॉटेलचे व्यवस्थापक ग्राहोर सज्जन आहेत. त्यांनी चांगली जागा दिली, खिडकीपाशी, समुद्र दिसेल अशी. चाक फिरतं, गोटी पळते, आकडा बरोबर येतो, एकदाही चूक नाही. आणि कोणी बसत नाही. येतात, घुमटात डोकावतात, जरा वेळ उभे राहतात आणि पलीकडच्या टेबलाकडे जातात, जिथं माणूस आहे. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, ‘धुलाई यंत्र आहे, चल.’ बोगदाननं ते ऐकलं. तो संध्याकाळभर धक्क्यावर बसून मासेमारी बघत होता. महिनाअखेर असंच राहिलं तर यंत्र उचलावं लागेल, असं ग्राहोर अगदी हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मला कळतंय तू का रागावलीस. हाताचं निमित्त होतं. मी जे बनवतेय ते उद्या तुझ्या जागी उभं राहील, आणि ते मी तुलाच विचारून विचारून बनवलं. पहिल्या पत्रात तू हसण्यावारी नेलंस आणि मीही तेवढ्यावर सुटले. तू खरंच सांग. तू नको म्हणालीस तर मी बोगदानला सांगेन आणि दुसरं काहीतरी शोधेन. यंत्रापेक्षा तू मला हवी आहेस.

तुझी,
दार्या

ता.क. अंगाला सकाळपासून खाज सुटलीय. बोगदानच्या धाकट्या मुलीला कांजिण्या निघाल्यात म्हणे.


पिरेयस,
१८ सप्टेंबर

माझ्या वेड्या पोरी,

तू सगळं बरोबर वाचतेस आणि अर्थ भलताच लावतेस.

यंत्राचा मला राग नाही, कधी नव्हता. मनगट गेल्या हिवाळ्यातच गेलं. सुजलं, आखडलं, गोटी सोडताना वीज चमकल्यासारखी कळ यायची. फेब्रुवारीत तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला टेबलावरून काढून प्रवाशांच्या खिडकीवर बसवलं होतं. मी डेकवरच्या खुर्च्यांचे बिल्ले देते आणि समुद्र लागलेल्यांना गोळ्या देते. ‘तुम्ही कधी थकत नाही का’ असं जर्मन बाईनं विचारलं ते खरं आहे, फक्त ती तेव्हा ओकून आली होती. तुला पत्रं लिहिते ती डाव्या हातानं. जहाज बिचारं उगाच बदनाम झालं.

तू हात कसा आहे विचारलंस आणि मला संताप आला, कारण जहाजावरच्या एवढ्या माणसांत कोणी विचारलं नव्हतं. असा राग कोणावर काढावा कळत नाही, मग माणूस भाचीवर काढतं.

पण तुला गोटीचं सांगत होते तेवढा वेळ मी टेबलावर असायचे. तुझं यंत्र माझ्या जागी उभं राहायचं म्हणतेस? ती जागा रिकामीच होती. तिथं तू आहेस याचं मला बरं वाटलं.

आता कामाचं. जहाज दुरुस्तीला जातंय, मला पुढच्या हंगामाचं बोलावणं नाही. मी इटलीतल्या बारी बंदराच्या बोटीनं निघते, तिथून आगगाडीनं. ग्राहोरना सांग, त्या धुलाई यंत्राशेजारी एक खुर्ची ठेवा. आणि तू अंथरुणातून उठू नकोस. मोठ्या वयात कांजिण्या फार छळतात.

तिली मावशी


पोर्तोरोझ,
२८ सप्टेंबर

दार्या,

फोन हातात दिला तरी तू नुसती खाजवतेस, बोलत नाहीस, अशी तुझ्या आईची तक्रार आहे, म्हणून लिहिते. खाजवू नकोस, चेहऱ्यावर खड्डे पडतील.

पहिल्या दिवशी मी काही केलं नाही, नुसती बसून बघत राहिले. गोटी तर फार देखणी पळते गं. माझी कधी इतकी सुरेख पळाली नाही, हे मी एकदाच लिहिते आहे, पुन्हा विचारलंस तर नाकारेन. लोक का बसत नाहीत तेही बघितलं. त्यांना कधी खेळायचं आणि कधी थांबायचं तेच कळत नाही. तू पडद्यावर लाल-हिरवी खूण ठेवलीयस, पण खेळणारा पडद्याकडे बघतच नाही, तो गोटीकडे बघतो. नवखा माणूस बिचकतो, आपण काही चुकीचं तर केलं नाही ना. टेबलावर त्याला कोणीतरी या म्हणतं, बसा म्हणतं, आता पुरे म्हणतं. तुमच्या इथं त्याला कोणी बोलतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी काळा झगा घातला आणि यंत्राशेजारी उभी राहिले. हात पाठीमागे बांधून, कशालाही न शिवता. एक जोडपं आलं. मी म्हटलं, ‘या, डाव लावा मंडळी.’ ती दोघं बसली, बघ, शाळेत बाईंनी सांगितल्यासारखी. गोटी पळाली, दोन-तीन फेऱ्या झाल्या, मी म्हटलं, ‘आता हात मागे.’ त्यांनी हात मागे घेतले. गोटी पडली, मी आकडा मोठ्यानं सांगितला. त्या बाई जिंकल्या आणि त्यांनी यंत्राकडे न बघता माझ्याकडे बघून टाळी वाजवली. जेवणाच्या वेळेपर्यंत एकही खुर्ची रिकामी नव्हती. पलीकडच्या टेबलावरचा क्रुपिए विरंगुळ्याच्या वेळात इथंच येऊन खेळायला बसला, ग्राहोरनी त्याला कानाला धरून परत नेलं.

हे पाच दिवस चाललं. काल ग्राहोर आले आणि म्हणाले, ‘बाई, मला अशी आणखी दोन यंत्रं हवीत, पण तुम्ही एकट्याच आहात.’ बोगदान तिथंच उभा होता. त्याची मिशी थरथरली. तो म्हणाला, ‘त्यांचा आवाज घेऊ.’ आज सकाळी त्यानं मला जवळच्या कोपर शहरातल्या रेडिओ केंद्रावर नेलं. शून्यापासून छत्तीसपर्यंत सगळे आकडे बोलले, या म्हटलं, पुरे म्हटलं. आपल्या भाषेत, इटालियनमध्ये, जर्मनमध्ये. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, ‘तेवीस जरा आनंदानं म्हणा.’ मी म्हटलं, ‘तेवीसवर ज्यानं लावलं नाही त्याला कसला आनंद? मी सगळे सारखेच म्हणणार.’

आवाज पडद्याशी कसा जोडायचा ते तुझं तू बघ. लवकर बरी हो. मी तुमच्या घरी मागच्या खोलीत राहणार आहे, आईनं चादरी बदलल्यात.

तिली मावशी


टॅलिन,
२१ मे १९९५

प्रिय मावशी,

इथं मे महिन्यातही कानटोपी लागते. बोगदान म्हणतो, विपावाचा बुर्या वारा सुटतो तेव्हाही इतकी थंडी नसते. दोन्ही यंत्रं बसवून झाली. हॉटेलवाल्यांनी जर्मन आवाज मागितला, इथल्या जुन्या लोकांना ती भाषा कळते म्हणून. एस्टोनियन नंतर करू म्हणाले. करायची गरज पडेल असं वाटत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी कोपऱ्यात उभी होते. इतक्या लांब, परक्या देशात, तुझा आवाज आला. ‘या, डाव लावा मंडळी.’ मी बाहीनं डोळे पुसले. बोगदाननं माझ्याकडे बघितलं आणि मीही म्हटलं, भुसा.

एक फिनिश म्हातारा रोज येतो, निवृत्त खलाशी. थोडंसं खेळतो आणि जाताना यंत्राला टोपी काढून नमस्कार करतो. काल त्यानं मला विचारलं, ‘या बाई कोण आहेत?’ मी म्हटलं, ‘माझी मावशी.’ तो म्हणाला, ‘जहाजावर होत्या का? आवाजावरून वाटतं.’ मी हो म्हटलं. मग टोपी हातात फिरवत त्यानं विचारलं, ‘लग्न झालंय का त्यांचं?’

काय सांगू त्याला?

तुझी,
दार्या


विपावा,
२ जून

लाडके,

त्याला सांग, त्या बाई विचार करताहेत. आणि त्याला समुद्र लागतो का तेवढं विचारून घे. समुद्र लागणाऱ्यांची सेवा मी पुष्कळ केलीय.

इकडे सगळं ठीक. सिल्काला आणि मला बोगदाननं नवीन यंत्रं तपासायला बसवलंय. ती विणते, मी बघते, आणि दोघींपैकी एकीलाही जर पुढचा आकडा ओळखता आला तर यंत्र शेडबाहेर जात नाही. पगारही देतो. मनगटाला विपावाच्या डॉक्टरीणबाई गरम मेण लावतात. कप उचलता येतो. गोटी सोडता येणार नाही, पण आता तिची मला गरज वाटत नाही.

काल एक गंमत झाली. नवीन यंत्र चालू होतं, मी म्हटलं आपणही एकदा गिऱ्हाईक होऊन बघावं. तीस वर्षांत कधी बसले नव्हते, आम्हाला परवानगीच नसे. तुझी आई शेजारी बसली. गोटी पळायला लागली. मला आतून पक्कं वाटलं, बत्तीस. बोट उचललं, बटणावर नेलं, हिरवा दिवा अजून पेटलेलाच होता, दाबायचा अवकाश. तेवढ्यात वरून माझाच आवाज आला, ‘आता हात मागे.’

आणि मी हात मागे घेतला. एवढा झटकन की कोपर तुझ्या आईच्या बरगडीत बसलं.

गोटी पडली. बत्तीस.

तुझी आई इतकी हसली की तिला खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसावं लागलं. सिल्काचे टाके सुटले. मी त्या घुमटाकडे बघत राहिले आणि मला कळलं, या बाईचं ऐकल्यावाचून लोकांना का राहवत नाही.

तिली मावशी